लँडलाइनवर करा, व्याहीबुवा

व्याहीबुवा, तुमचं मला सुतक नाही. मुलीच्या सासऱ्यासाठी शास्त्रानं बापाला एक दिवसही नेमून दिलेला नाही. धारला तुम्हाला पोचवून परत आलो, अंघोळ केली, आणि दुसऱ्या दिवशी देवासला आमच्या घरी नेहमीसारखी पूजा झाली, नेहमीसारखा स्वयंपाक झाला. मी पोटभर जेवलो. हे तुम्हाला मुद्दाम कळवतो आहे. कारण तेराव्याला तुमच्या दिवाणखान्यात जो तो उठून तुमच्या गोड स्वभावाबद्दल बोलत होता, आणि मी कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून मनात एकच म्हणत होतो, की हा माणूस माझ्या हातून निसटला.

आज सोळावा दिवस. तुमच्याबद्दल एक अक्षरही लिहायचं नाही, असं कालपर्यंत ठरलेलं होतं. धारच्या महाराष्ट्र मंडळातून कोणीतरी विचारलंही, 'तुम्ही त्यांचे जवळचे, चार ओळी द्या.' मी सरळ नाही म्हटलं. आज सकाळी दहाच्या सुमाराला असं काही झालं, की वही घेऊन बसावंच लागलं. ते शेवटी सांगतो. आधी माझा राग ऐकून घ्या. तुम्हाला आता मधे तोंड घालता येणार नाही, एवढीच माझी सोय तुम्ही करून गेला आहात.

तुम्ही आबासाहेब, धारचे वकील, मनावर तहसिलीच्या कोर्टापर्यंत नाव असलेले. तुमच्या खापरपणजोबांना दरबारात गादीशेजारी बसायला जागा होती, हे आपल्या पहिल्या भेटीत पाच मिनिटांत मला कळलं. आमची मंडळी देवासच्या धाकट्या पातीच्या राजांबरोबर तंबू शिवायला आली होती, हे मी तुम्हाला सांगितलं नाही, पण तुम्ही ते आधीच शोधून काढलं होतं. पुढे शिवणकाम सुटलं आणि मी टेलिफोन खात्यात केबल जोडायला लागलो. खात्यात त्याला जॉइंटर म्हणतात. सोनकच्छच्या रस्त्यावर खड्ड्यात बसून, घोटाभर चिखलात, तांब्याच्या बारीक तारांच्या जोड्या जुळवत मी चौतीस वर्षं काढली. माझ्या माधवीनं आणि तुमच्या समीरनं इंदूरच्या कॉलेजात परस्पर जमवलं नसतं, तर आपली गाठ पडायचं काही कारण नव्हतं.

तुम्ही या लग्नाला नाही म्हणाला नाहीत. "मुलं सुखी तर आपण सुखी," असं म्हणालात, आणि त्या वेळी तुमची नजर माझ्या चपलांवर होती. तेही मी सोडून दिलं असतं.

पण सीमांतपूजनाची ती संध्याकाळ मी सोडणार नाही. देवासचं कार्यालय, दोन्हीकडची अडीचशे माणसं, सनई लावलेली. गुरुजींनी व्याहीभेटीसाठी हाक मारली. मुलीच्या बापानं आणि मुलाच्या बापानं नारळ घेऊन समोरासमोर यायचं आणि एकमेकांना मिठी मारायची, एवढाच तो विधी. अर्ध्या मिनिटाचा. माझ्या वडिलांनी माझ्या दोन बहिणींच्या लग्नांत तो केला होता आणि घरी येऊन दोन्ही वेळा डोळे पुसले होते. मी नारळ धरून, हात पुढे करून उभा राहिलो. तुम्ही दोन पावलं आलात, आणि तुमचा मोबाइल वाजला. अमेरिकेतल्या तुमच्या बहिणीचा, नेटवरचा, चित्र दिसणारा. तुम्ही हात वर करून मला 'थांबा' केलंत, पाठ फिरवलीत आणि फोन उंच धरून तिला मांडव दाखवायला लागलात. ही फुलं, ही रोषणाई, ही आमची माणसं.

मी उभाच. मागून कोणीतरी म्हणालं, "अरे भिया, वकील साब तो फोन में लग गए!" आणि लोक हसले. तुम्ही मांडवभर फिरून आलात, तोवर मुहूर्ताची गडबड सुरू झाली. गुरुजींनी माझ्या हातातला नारळ काढून तबकात ठेवला आणि पुढचे मंत्र म्हणायला लागले. आपली भेट झाली नाही. त्या दिवशी नाही, आणि पुढच्या अकरा वर्षांतही नाही. तुम्ही नमस्कार करायचात, लांबून, कोर्टात करतात तसा.

तेव्हापासून मी तुमचं उट्टं काढायला बसलो होतो, आबासाहेब. रीत अशी, की मुलीकडच्यानं सणावाराला आधी विचारपूस करायची. ती मी कधी चुकवली नाही, पण घरच्या फोनवरूनच. तुम्ही नेटवरून फोन केलात की मी तो तीन वेळा वाजू द्यायचो, मग बंद करायचो, आणि उठून दिवाणखान्यातल्या लँडलाइनवरून तुमच्या मोबाइलला लावायचो. "हं, आता बोला आबासाहेब. आता माणसाचा आवाज येतोय." तुम्ही पलीकडून सुस्कारा टाकायचात. तो सुस्कारासुद्धा मला स्वच्छ ऐकू यायचा, आणि फार बरं वाटायचं.

मोठा डाव वेगळा होता. तो तुम्हाला कधी कळला नाही, आता ऐका. कधी ना कधी तुम्ही भेटीसाठी हात पुढे कराल, याची मला खात्री होती. त्या क्षणी आमच्या घरातला फोन वाजणार होता. बायकोला, सुमनला, मी सांगून ठेवलं होतं, की आबासाहेब उठले की स्वयंपाकघराच्या खिडकीतून शेजारच्यांना खूण करायची, त्यांनी आमचा नंबर लावायचा, आणि मी तुम्हाला हात दाखवून 'थांबा' करणार होतो. ती कपाळाला हात लावून म्हणाली, "अहो, तुमचं डोकं फिरलंय का? इतने साल कौन याद रखता है?" मी ठेवलं होतं लक्षात. तुमच्या प्रत्येक देवासभेटीला मी त्या फोनशेजारच्या खुर्चीवरच बसायचो.

आपलं भांडण लोकांना वाटायचं दोन फोनांचं. दिवाळीला धारला फराळ झाला की तुम्ही चष्मा काढून पुसायला घ्यायचात आणि खटला उभा राहायचा. समोर टीव्हीच्या मोठ्या पडद्यावर कॅनडात जाऊन राहिलेली आपली मुलं, समीर आणि माधवी.

"वसंतराव, मुद्दा साधा आहे. मुलं साता समुद्रापलीकडे. तुमच्या फोनवरून लावलं, तर हॅलो म्हणेपर्यंत बिलाच्या धसक्यानं छाती धडधडायला लागते. इकडे पाहावं. फुकट. मूल समोर दिसतंय, घाई नाही. यावर प्रतिवादीचं म्हणणं काय?"

"प्रतिवादीचं म्हणणं असं, की तुमचा आवाज इथून तुकडे होऊन जातो आणि तिकडे कसाबसा जोडला जातो. दोघं एकदम बोलता, मग दोघं एकदम गप्प बसता. अर्धा वेळ 'ऐकू येतंय का' यातच जातो. आणि दिवे गेले की?"

"इन्व्हर्टर."

"तो बसला की?"

"मग झोपावं, वसंतराव. अंधारात कोणाशी बोलायचंय?"

सगळे हसायचे. पडद्यावरचा समीरही हसायचा, थोडा उशिरा. मी मात्र पेटून उठायचो. तांब्याच्या लाइनला वीज एक्सचेंजमधून त्याच तारेवरून येते, अख्खं गाव अंधारात असलं तरी फोन वाजतो, वादळात, पुरात, दंग्यात वाजतो, हे मी तुम्हाला दर दिवाळीला सांगितलं. तुम्ही दर दिवाळीला जांभई दिलीत. आणि एका दिवाळीला सहज सांगितलंत, की तुमच्याकडची लँडलाइन काढून टाकली. "कोणी वापरत नव्हतं हो," म्हणालात. माझ्याशिवाय कोणी त्यावर फोन करत नव्हतं, असा त्याचा अर्थ होता. तो दोघांनाही कळला.

आमच्या कामाची एक रीत तुम्हाला कधी सांगितली नाही, कारण तुम्ही कधी माझ्या कामाबद्दल विचारलंच नाहीत. तुटलेली केबल जोडून झाली की जॉइंटर खड्ड्यात बसूनच टेस्टिंगचा हँडसेट लावतो, ग्राहकानं दिलेल्या नंबरवर फोन करतो आणि विचारतो, "आवाज येतोय का?" पलीकडचा माणूस 'हो, येतोय' म्हणेपर्यंत वर यायचं नाही. हत्यारं गोळा करायची नाहीत. कितीही वेळ लागो. एकदा एका म्हातारबाईनं गंमत म्हणून 'नाही येत, नाही येत' करत मला पाऊण तास पाण्यात बसवून ठेवलं होतं. मी सगळे जोड उकलून परत केले. नंतर तिनं सांगितलं, की पहिल्यापासून स्वच्छ येत होता. त्या बाईला मी आयुष्यभर शिव्या घातल्या. पलीकडच्या माणसानं खरं सांगावं, याच्या भरवशावर आमचा सगळा धंदा चालतो.

तुमची बाजू अगदीच खोटी होती, असं मी आज म्हणत नाही. आज कोणी बघणारं नाही म्हणून कबूल करतो. सुमन संध्याकाळी तिचा मोबाइल साखरेच्या डब्याला टेकवून ठेवते आणि मेथी निवडते. तिकडे माधवी तिची सकाळची कामं करत असते. दहा-दहा मिनिटं दोघी काही बोलत नाहीत. मधेच एक विचारते, "काय करतेस?" दुसरी म्हणते, "काही नाही." आणि पुन्हा गप्प. माझ्या फोनवर हे कधी झालं नसतं. माझ्या फोनवर बोलणं जरा थांबलं की लगेच 'बाकी काय? बरं, ठेवू?' यायचं. लेकीबरोबर नुसतं गप्प बसायची सोय तुमच्या त्या फुकटच्या नेटनं आमच्या घरात आणली, आणि त्यासाठी सुमन तुम्हाला दुवा द्यायची. मी ऐकून न ऐकल्यासारखं करायचो.

आता जुईच्या जन्माची गोष्ट. यात मी तुमच्यावर चारचौघांत आरोप केला आहे, आणि तो मागे घ्यायला मला तुमच्या मरणापर्यंत वेळ मिळाला नाही. आपली नात कॅनडात जन्मली, ती बातमी तुम्हाला नेटवर लगेच कळली. मी घरच्या फोनशेजारी सकाळपासून बसून होतो. माधवीला मी बजावलं होतं, की मला घरच्या फोनवरच सांग. फोन वाजला नाही. दोन तासांनी खालचा पोहेवाला ओरडत जिना चढून आला, "बाबूजी, नातिन हुई है! धार से वकील साब का फोन आया था मेरे पास!" त्याचा नंबर तुम्ही कुठून मिळवलात, देव जाणे. नात झाल्याचा आनंद एका बाजूला राहिला, आणि आजोबाच्या आधी पोहेवाल्याला कळलं या रागानं मी लाल झालो. बारशाला, पडद्यासमोर सगळे जमलेले असताना, मी म्हणालो, "आबासाहेबांनी बातमी दाबून ठेवली. घरचा फोन लावला असता तर बोट झिजलं नसतं." तुम्ही म्हणालात, "मी चार वेळा लावला, वसंतराव. लागत नव्हता." मी म्हणालो, "तांब्याची लाइन लागत नाही, असं होतच नाही." तुम्ही चष्मा काढून पुसायला घेतलात, पण खटला उभा केला नाहीत.

खरी गोष्ट अशी, की ती लाइन तांब्याची नव्हती. त्याच्या सहा महिने आधी आमच्या गल्लीतली तांब्याची केबल उपटून काढली होती. खात्यातली पोरं आली, त्यांनी भिंतीवर फायबरचा एक छोटा डबा ठोकला आणि माझा जुना फोन त्यात खुपसून दिला. नंबर तोच, फोन तोच, पण आवाज नेटवरूनच जाणारा. तुमच्यासारखाच. दिवे गेले की तो डबा बंद आणि फोन मुका. जुई जन्मली त्या सकाळी आमच्याकडे दिवे गेलेले होते, सुमनचा मोबाइलही चार्जिंगअभावी बंद पडलेला. डबा मेला आहे, हे चौतीस वर्षं जॉइंटर असलेल्या माणसानं पाहिलं नाही, रिसीव्हर एकदाही उचलून बघितला नाही. दुपारी दिवे आले, डब्यावरचा हिरवा दिवा लागला, आणि मला सगळं समजलं. तरी बारशाला मी तुम्हाला खोटं पाडलं. आणि त्यानंतरच्या दोन दिवाळ्या तांब्याचं गुणगान गात राहिलो, भिंतीवरच्या त्या डब्यावर सुमनकडून विणलेलं झाकण घालून. तुम्ही आमच्याकडे यायचात तेव्हा ते झाकण नीट आहे ना, हे मी आधी बघून घ्यायचो.

हे तुम्हाला जिवंतपणी सांगितलं असतं, तर तुम्ही जिंकला असतात. तुम्हाला जिंकू द्यायचं नव्हतं.

आता तो शेवटचा फोन. तुमचं छातीचं दुखणं वाढलंय, हे माधवीकडून कळत होतं. मी रीतीप्रमाणे दोनदा विचारपूस केली होती. मंगळवारी संध्याकाळी, दिवेलागणीला, सुमन तिचा मोबाइल घेऊन आली. "आबासाहेब आहेत. तुमच्याशीच बोलायचंय म्हणतात." तिच्यासमोर बंद करता येईना, म्हणून घेतला. पडद्यावर तुमचा चेहरा दिसला. एवढासा झाला होता. पहिली दोन वाक्यं खरंच तुटली. मग आवाज आला, आणि इतका स्वच्छ आला, की तुमच्या धाप लागलेल्या श्वासाची शिट्टीसुद्धा ऐकू येत होती.

तुम्ही म्हणालात, "वसंतराव, मांडवात तुम्ही हात पुढे करून उभे होतात. मी पाहिलं होतं. मला तेव्हाच कळलं होतं, की हा फोन घ्यायला नको. तरी घेतला. कशासाठी घेतला, तेही तुम्हाला ठाऊक आहे. ती भेट राहिलीये. मला आता येववत नाही. एकदा धारला यावं."

अकरा वर्षं मी या वाक्यांची वाट पाहत होतो. खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. छाती भरून आली, पण ती मायेनं नाही. आला ताब्यात, असं वाटलं. आणि एवढ्या सहज सोडायचं नाही, असंही वाटलं. अडीचशे माणसांसमोर मला उभं ठेवलंत, आता एकदा बोलून सुटता काय? परत बोला. माझ्या अटीवर बोला.

मी मोबाइल तोंडाजवळ धरून ओरडलो, "हॅलो? हॅलो? आबासाहेब, काही ऐकू येत नाही! सगळं तुटतंय! तुमचं ते फुकटचं नेट! लँडलाइनवर करा, व्याहीबुवा, लँडलाइनवर!"

तुम्ही पडद्यावर क्षणभर माझ्याकडे पाहिलंत. नुसतं पाहिलंत. मी फोन बंद केला.

सुमन समोरच उभी होती. म्हणाली, "साफ तो आ रहा था." ती आत निघून गेली. तेव्हापासून ती माझ्याशी कामापुरतं बोलते, वाढू का, औषध घेतलं का, एवढंच.

त्यानंतर मी वाट पाहिली. तुमच्या घरी लँडलाइन नाही, हे मला माहीत होतंच, म्हणून तर तसं म्हणालो होतो. पण धारमध्ये कोणाकडे तरी असेल, शेजाऱ्याकडे, कोर्टाच्या कचेरीत, एखाद्या दवाखान्यात. मनात असेल तर माणूस फोन शोधतो. बुधवार गेला, गुरुवार गेला. रोज मी त्या खुर्चीत बसायचो आणि फोन वाजला नाही की मला आणखी राग यायचा. एवढाच का तुमचा पश्चात्ताप? एकदा बोलून दमलात? नवव्या दिवशी फोन आला, तो माधवीचा, सुमनच्या मोबाइलवर. तुम्ही गेला होतात.

इंदूरला गंगवालच्या बसस्टँडवर बस बदलून धारला पोचलो, तेव्हा तुम्हाला अंगणात ठेवलं होतं. समीर यायचा होता, त्याची वाट बघत होते. मी तुमच्याजवळ बसलो. भेट घ्यायची तर तेव्हाही घेता आली असती, वाकून. कोणी काही म्हणालं नसतं. पण मी वाकलो नाही. तुम्ही दुसऱ्यांदा फोन केला नाहीत, हेच मनात होतं. विहीणबाई म्हणाल्या, "भाऊ, तुमची फार आठवण काढत होते." मला वाटलं, असं म्हणायची पद्धत असते.

तेराव्याला परत आलो. तुमच्या पलंगाशेजारच्या स्टुलावर तुमचा लँडलाइनचा जुना लाल फोन दिसला. स्वच्छ पुसलेला, वायर गुंडाळून वर ठेवलेली. मला वाटलं, भंगारात द्यायला काढलाय. वाटलं, तुमच्या मागे घर आवरताना पहिली गोष्ट कोणती काढली, तर ही. रागानं मी श्रीखंडाची वाटी तशीच ठेवून उठलो.

आणि आज सकाळी दहाला आमचा लँडलाइन वाजला.

पलीकडे एक मोकळा, मोठा आवाज. "हेलो, देवास लग गया? धार से बोल रिया हूँ, भिया. वकील साब के यहाँ नया कनेक्शन चालू करा है. फारम पे टेस्टिंग के वास्ते ये ही नंबर लिखवाया था उनने."

मी विचारलं, "फॉर्म कब भरा उन्होंने?"

"महीना होने आया. लाइन में थोड़ी देर हो गई, उधर सड़क खुदी पड़ी थी. मैं ही आया था फारम लेने, बुधवार को. पलंग पे बैठे-बैठे भरा साब ने. मैंने तो बोला, बाऊजी, मोबाइल है आपके पास, नेट है, अब इसकी क्या जरूरत? तो बोले, देवास वाले को इसी पे सुनाई देता है."

बुधवारी. मी मंगळवारी संध्याकाळी फोन बंद केला, आणि तुम्ही बुधवारी माणूस बोलावलात.

तुम्ही वकील होतात, आबासाहेब. खोटा साक्षीदार तुम्हाला पहिल्या वाक्यात कळायचा, असं तुम्हीच सांगायचात. पडद्यावरून तुम्ही माझ्याकडे पाहिलंत, तेव्हाच तुम्हाला कळलं होतं, की मला सगळं ऐकू आलंय. तरी तो लाल फोन माळ्यावरून काढून घेतलात, पुसायला लावलात, आणि उशाशी ठेवून वाट बघत पडून राहिलात. मी इकडे एका फोनशेजारी बसून तुम्हाला शिव्या देत होतो, तुम्ही तिकडे मुक्या फोनशेजारी. याच्यापेक्षा मोठा सूड मला शंभर वर्षांत सुचला नसता. मी आयुष्यभर डाव रचला, आणि तुम्ही जाता जाता एका सहीत उलटवलात. वर मला रडायलाही जागा ठेवली नाहीत, कारण तुमचं मला सुतक नाही.

आणि आपला खटला? तोही गेला. तुमच्याकडे नवी जोडणी फायबरची, आमच्याकडे तो झाकण घातलेला डबा. तांबं दोन्ही टोकांना नव्हतं. तरी त्या माणसाचा आवाज असा येत होता, की त्याच्यामागे तुमच्या अंगणातला नळ वाहताना ऐकू येत होता.

"हेलो? भिया? आवाज बराबर आ री है के नी? बता दो, तो मैं औजार समेटूँ."

मी खुर्चीवरून उठून उभा राहिलो. पलीकडे तो थांबून होता. मला माहीत आहे तो कसा थांबला असेल, हत्यारं पसरलेली, रिसीव्हर कानाला. चौतीस वर्षं मी तसाच थांबत आलो.

"येतोय," मी म्हणालो. "त्या दिवशीही येत होता. सगळं ऐकू आलं होतं मला."

"क्या बोले? मराठी नी समझ में आती, भिया. फिर से बोलो."

मग मी पुन्हा बोललो. या वेळी हिंदीत, आणि मोठ्यानं. सुमन स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी होती.